रेघांची माणसं

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
नऊ साहेब भिंतीला खळीनं चिकटवलेले होते.
रद्दीच्या वजनात आलेलं जाड पुस्तक,
बाबालाल शिकलगारांनी चित्रांची पानं तेवढी सोडवली,
उरलेलं भडंगवाल्याला दिलं पुड्यांसाठी.

गालावर कल्ले, गळ्याशी ताठ कॉलर,
एकाच्या हातात कंपास,
एकाच्या मागं खिडकीतून धुराचा झुपका.
खालची नावं कसरीनं खाल्लेली,
म्हणून बारसं आम्हीच केलं:
हा व्हॉल्व्हवाला. हा बॉयलरवाला.
हा सासरा, कुणाकडंच बघून हसत नाही.
आणि दाराजवळचा, पाणावल्या डोळ्यांचा,
त्याचं इंजिन पहिल्याच दिवशी फुटलं असणार
असं आमच्यात ठरलेलं होतं.

मी सोळाचा. ऑइल इंजिनांच्या पितळी पाट्यांचे
साचे कोरायला बसवलेला.
हॉर्सपॉवर, नंबर, कोल्हापूर.
साच्यात सगळं उलटं लागतं.
एवढी वर्षं उलटं कोल्हापूर लिहिलं
की एस्टीवरची पाटी कधी कधी चुकीची वाटते.

उस्ताद भिंग द्यायचे हातात.
"साहेबाकडं बघू नको. रेघंकडं बघ."
भिंगाखाली गाल नाहीसा व्हायचा
आणि शेत दिसायचं,
उताराला वळसा घालत गेलेल्या सऱ्या,
नाकाशी दाट, कपाळावर विरळ.
जिथं उजेड होता तिथं काहीच नव्हतं.
नुसता कागद.
"उजेड कोरता येत नाही बाबा, सोडावा लागतो."
आणि त्याच दमात
चहा थंड आणला म्हणून पोराला शिवी.

एका दुपारी लाइट गेली होती.
दारात उभं राहून त्यांनी दाखवलं मला
चौकटीच्या खाली, उजव्या कोपऱ्यात,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत
कोरणाऱ्याचं नाव.
मोठी नावं खाऊन कसर तिथवर आलीच नव्हती.
उस्तादांना इंग्रजी वाचता यायचं नाही,
हजारो पाट्या कोरल्या असतील इंग्रजीत.
त्या कोपऱ्यावर बोट टेकून म्हणाले,
"ह्यो आपला माणूस."

ते गेले तेव्हा फोटो सापडेना.
रेशनकार्डावरचा एक होता, त्यात निम्मा चेहरा शिक्क्याखाली.
असोसिएशनच्या हॉलमध्ये मालकांच्या तसबिरींना
दर महिन्याला नवे हार येतात.
मी तिथं विचारायला गेलो होतो.
बसा म्हणाले, पाणी दिलं.

मग उरलेल्या एका पितळी पत्र्यावर
मीच बसलो कोरायला, आठवेल तसं.
अकरा रात्री.
भुवया जमल्या. कान मोठे झाले, होतेच मोठे.
डाव्या गालावर वितळल्या बिडाचा शिंतोडा उडालेला,
तो डाग मी नीट डाव्या गालावर घेतला.
शाई भरली, कागद दाबला, उचलला:
डाग उजवीकडं.
आयुष्यभर उलटं कोरलं
आणि या एका माणसापुढं विसरलो.

दुसरा छाप काढला नाही.
कागद चुलीत घातला, पत्रा भिंतीला ठोकला,
नवांच्या शेजारी दहावा.
आता शेडमध्ये लेझरचं मशीन आहे,
पाटी चाळीस सेकंदांत होते.
नवीन पोरगं विचारतं, "काका, हे कुठल्या शोधाचे?"
मी म्हणतो, मशीनकडं बघ.

खंडेनवमीला सगळी हत्यारं धुतो आम्ही,
लेथला झेंडूची माळ, भिंगाला हळदकुंकू,
पितळेला चिंच.
पोरं जोर लावून घासतात, लख्ख करतात,
पत्र्यात त्यांचीच तोंडं दिसायला लागतात.
हळू, म्हणायचं असतं मला दरवर्षी.
यंदा भुवया जरा कमी झाल्यात.
डाग अजून आहे.